पाहुणे आले, तारीख नाही आली



मागं एकदा आपण गोड्या तेलाच्या भावावर बोलत होतो, तेव्हा युक्रेनचं नाव निघालं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत आपल्याकडं सूर्यफूल तेलाच्या डब्याला हात लावायची सोय राहिली नाही. आपल्या देशात येणारं सूर्यफूल तेल सगळ्यात जास्त तिथूनच यायचं. शेव-चिवडा करून विकणाऱ्या गटांना ते दिवस आठवत असतील. डॉक्टरकी शिकायला तिकडं गेलेली आपली मुलंमुलीही अडकली होती, सरकारनं विमानं पाठवून त्यांना आणलं. तेव्हापासून युक्रेन हे नाव आपल्या ओसरीवर पोचलं.

त्यानंतरच्या एका बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "ते नाटोचे मोठे साहेब तिथं जाऊन आले म्हणतात. एवढ्या देशांच्या फौजांचा पुढारी जाऊन आला, तरी लढाई थांबली कशी नाही?" प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र सरळ नाही, त्याला मागचा इतिहास लागतो. म्हणून आजचं बोलणं त्याच्यावरच.

आधी नाटो म्हणजे काय ते बघू. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. युरोप मोडून पडला होता आणि पूर्वेकडं रशियाची, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाची, ताकद वाढत होती. त्या भीतीपोटी ४ एप्रिल १९४९ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात १२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. आज त्यात ३२ देश आहेत. करारातलं पाचवं कलम सगळ्यात महत्त्वाचं. त्यात म्हटलंय की आपल्यातल्या एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं धरायचं. आपल्याला हे समजायला अवघड नाही. गटानं बँकेचं कर्ज घेतलं आणि एकीचा हप्ता थकला, तर बँक त्या एकीलाच शोधत बसत नाही, अख्ख्या गटाकडं बघते. फरक एवढाच, की इथं हप्त्याऐवजी जिवाचा प्रश्न आहे. हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, तेही अमेरिकेसाठी, २००१ साली न्यूयॉर्कच्या इमारतींवर विमानं आदळली तेव्हा. दुबळ्याला आधार म्हणून लिहिलेलं कलम पहिल्यांदा कामाला आलं ते सगळ्यात दांडग्या सभासदाच्या!

आता ते साहेब. नाटोच्या प्रमुखाला सरचिटणीस म्हणतात. ताईंना वाटलं तसे ते फौजेचे सेनापती नसतात. एकही सैनिक त्यांच्या हुकमानं पाऊल टाकत नाही. बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात नाटोचं मुख्य कार्यालय आहे, तिथं सगळ्या देशांचे प्रतिनिधी बसतात. सरचिटणीसानं बैठक घ्यायची, रुसलेल्याला समजवायचं, सगळ्यांचं एकमत झालं की ते जगाला सांगायचं. हात वर करून बहुमत मोजायची रीत तिथं नाही. एक जण जरी अडून बसला तरी ठराव पुढं सरकत नाही. स्वीडन देशानं मे २०२२ मध्ये सभासद व्हायचा अर्ज केला, पण तुर्कस्तान आणि हंगेरी आडवे आले आणि तो आत जायला मार्च २०२४ उजाडला. गटाच्या अध्यक्षबाईंना कसं, बँकेत पैसे असले तरी ठरावावाचून आणि दुसऱ्या सहीवाचून ते काढता येत नाहीत, तसंच हे. जाता जाता एक सांगून ठेवतो. १९५२ पासून आजपर्यंत या पदावर १४ जण बसले, चौदाही पुरुष.

त्यातले तेरावे येन्स स्टोल्टेनबर्ग. पूर्वी नॉर्वेचे पंतप्रधान होते, २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं नाटोचे सरचिटणीस. रशियाचा मोठा हल्ला झाल्यावर ते पहिल्यांदा युक्रेनची राजधानी कीव्हला गेले २० एप्रिल २०२३ रोजी. जायच्या आधी कुणालाही जाहीर केलेलं नव्हतं. युद्ध चालू असलेल्या देशात पाहुणा असाच जातो, पोचल्यावर कळतं.

तिथं जायची वाटही समजून घेण्यासारखी आहे. हल्ला झाला त्या दिवसापासून युक्रेनच्या आकाशात प्रवासी विमान उडत नाही. त्यामुळं परदेशातले पुढारी बहुतेक करून शेजारच्या पोलंडमधून रात्रीच्या रेल्वेनं जातात. सरहद्दीजवळ प्शेमिश्ल नावाचं गाव आहे, तिथून गाडीत बसायचं आणि रात्रभर प्रवास करून सकाळी कीव्हला उतरायचं. युक्रेनचे रूळ युरोपातल्या रुळांपेक्षा रुंद आहेत, रशियाच्या झारच्या काळापासूनचे. बार्शी लाइटची छोटी गाडी ज्यांनी पाहिलीय, त्यांना रुळांची रुंदी बदलली की काय खोळंबा होतो ते माहीत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन फेब्रुवारी २०२३ मध्ये याच वाटेनं गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान मोदीही पोलंडमधून रेल्वेनंच कीव्हला गेले. आणि याच रेल्वेनं उलट्या दिशेला लाखो बायका लेकरांना काखेला मारून देश सोडून गेल्या. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायची मनाई होती. नवरा फलाटावर, बायको डब्यात. पुढाऱ्यांच्या फोटोंत हे दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

पोलंडचं नाव निघालंच आहे तर आपल्या कोल्हापूरकडं थोडं वळू. हे विषय सोडून नाही. १९३९ सालच्या मार्चमध्ये इंग्लंडनं पोलंडला शब्द दिला होता की तुमच्यावर कुणी चालून आलं तर आम्ही आहोत. फ्रान्सचाही शब्द होताच. १ सप्टेंबरला जर्मनीनं हल्ला केला. ३ सप्टेंबरला इंग्लंड-फ्रान्सनं जर्मनीशी युद्ध जाहीर केलं, म्हणजे कागदावरचा शब्द पाळला. पण पोलंडच्या मातीवर मदतीला फौज काही पोचली नाही. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत फौजा शिरल्या आणि दोघांनी मिळून देश वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागातली हजारो कुटुंबं सोव्हिएत सरकारनं उचलून सैबेरियात नेऊन टाकली. त्यातून जे वाचले, त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ते लोक तिथं राहिले. पुढं त्याच जागी फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसली, आजचं गांधीनगर ते हेच. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, मोदी कीव्हला जाण्याआधी तिथं नमस्कार करून गेले होते.

वळिवड्याला आलेल्या कितीतरी कुटुंबांची मूळ गावं आज पोलंडमध्ये नाहीत. सीमा सरकल्या आणि ती गावं आता पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. म्हणजे ज्या भागातून आज बायका-मुलं बाहेर पडतात, त्याच भागातल्या बायका-मुलांना ऐंशी वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी आसरा मिळाला होता. पोलंड १९९९ मध्ये नाटोत शिरला तो उगाच नाही. नुसत्या शब्दाची किंमत त्यांनी मोजलेली होती.

आता युक्रेनकडं परत येऊ, कारण त्यांचीही अशीच एक कागदाची गोष्ट आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, युक्रेन स्वतंत्र झाला. त्याच्या जमिनीवर अणुबाँबचा एवढा साठा राहिला होता की जगात तिसरा नंबर लागायचा. डागायची कळ मॉस्कोच्या हातात होती हे खरं, पण वस्तू यांच्या दारात होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट शहरात एक करारपत्र झालं. युक्रेननं अण्वस्त्रं सोडायची, आणि बदल्यात रशिया, अमेरिका, इंग्लंड या तिघांनी त्याच्या सीमांना हात लावायचा नाही, असं आश्वासन दिलं. आश्वासन हा शब्द नीट ऐका. हमी असा शब्द घालायला अमेरिका तयार नव्हती. जामीनदाराची सही आणि "बघू, मदत करू" यातला फरक आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया हा भाग घेतला, तेव्हा सह्या करणाऱ्यांतलाच एक जण घरात घुसला होता. बाकीच्या दोघांनी निषेध केला, रशियावर व्यापाराचे निर्बंध घातले.

मधे २००८ साल आहे, आणि आमच्या मते सगळी गाठ तिथंच बसली. एप्रिल महिन्यात रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात नाटोची मोठी बैठक झाली. युक्रेन आणि जॉर्जिया या दोन देशांना आत घ्यायची तयारी सुरू करू, असं अमेरिकेचे अध्यक्ष बुश म्हणत होते. जर्मनीच्या अँगेला मर्केल बाई आणि फ्रान्सचे सार्कोझी नको म्हणाले. रशिया चिडेल, शिवाय युक्रेनमधलेच निम्मे लोक तयार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग तडजोड झाली. कागदावर लिहिलं गेलं की हे दोन देश नाटोचे सभासद होतील. कधी होतील ते लिहिलं नाही.

या तडजोडीनं काय झालं ते बघा. रशियाला डिवचायला एवढं वाक्य पुरेसं होतं, आणि युक्रेनला वाचवायला ते अपुरं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाचं जॉर्जियाशी युद्ध झालं. रशियाची बाजूही सांगायला हवी. नाटो आमच्या उंबऱ्यापर्यंत सरकत आली, हा आम्हाला धोका आहे, असं ते वर्षानुवर्षं म्हणत आलेत. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी तसं लेखी मागितलंही की युक्रेनला कधीच आत घेणार नाही असं लिहून द्या. ते मिळालं नाही. पण शेजाऱ्याशी बांधावरून वाद आहे म्हणून त्याच्या घरात शिरून माणसं मारायला कुठला न्याय परवानगी देतो? आमचं मत यात स्पष्ट आहे. नाटोनं चुका केल्या तरी हल्ला केला तो रशियानं.

तर मग एप्रिल २०२३. स्टोल्टेनबर्ग कीव्हला उतरले. सेंट मायकेलच्या मठासमोर एक मोठा चौक आहे, तिथं रशियाचे जळालेले रणगाडे लोकांना बघायला ठेवले होते, ते त्यांनी पाहिले. मठाच्या भिंतीवर २०१४ पासून मारल्या गेलेल्या सैनिकांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत, तिथं त्यांनी श्रद्धांजली वाहिली. कीव्हजवळच्या बुचा गावालाही ते गेले. मार्च २०२२ अखेर रशियाची फौज त्या गावातून माघारी गेली, तेव्हा रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात साध्यासुध्या माणसांची प्रेतं पडलेली सापडली. चारशेच्या वर. चर्चच्या आवारात मोठा खड्डा काढून त्यांतल्या काहींना पुरलेलं होतं. तेव्हा युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी मर्केल आणि सार्कोझी यांची नावं घेऊन म्हटलं होतं की या, बुचाला येऊन बघा, तुमच्या २००८ च्या निर्णयानं काय झालं ते. मर्केल बाईंनी उत्तर दिलं की त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे. कोण बरोबर यावर विद्वान अजून भांडतात. आम्हाला वाटतं, नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायला हवं होतं.

दुपारी झेलेन्स्की आणि स्टोल्टेनबर्ग पत्रकारांसमोर उभे राहिले. पाहुण्यांनी सांगितलं की युक्रेनची जागा नाटोत आहे, आणि जुलैमध्ये लिथुआनिया देशातल्या व्हिल्निअस शहरात आमची बैठक आहे, तिचं आमंत्रण घेऊन आलोय. यजमानांनी आभार मानले आणि मग नेमकं मागितलं. नुसतं आमंत्रण नको, आम्ही सभासद कधी होणार ते सांगा. शिवाय लांब पल्ल्याच्या तोफा, विमानं, चिलखती गाड्या द्यायला जे देश कचरतात त्यांची भीड मोडा. त्याच दिवशी मॉस्कोहून रशियाच्या सरकारनंही बोलून घेतलं की युक्रेनला नाटोत जाऊ न देणं हा आमचा एक हेतू आहेच.

हे मागणं त्या दिवशी जास्त बोचणारं होतं, कारण सोळाच दिवस आधी, ४ एप्रिलला, फिनलंड नाटोचा ३१ वा सभासद झाला होता. रशियाला लागून त्यांची १,३०० किलोमीटरच्या वर सीमा. अर्ज केल्यापासून वर्षाच्या आत काम झालं. युक्रेन २००८ पासून उंबऱ्यावर उभा. यात अन्याय आहे, पण कारणही आहे. फिनलंडमध्ये लढाई चालू नव्हती. लढाई चालू असलेल्या देशाला आत घेतलं की पाचवं कलम लागू होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे देश रशियाशी युद्धात. अणुबाँब दोन्हीकडं आहेत. सभासद मागं सरतात ते म्हणून. जळत्या घराला जामीन राहायला कोण पुढं येतं? आणि घर जळत असताना घरमालकिणीला दुसरं काय सुचणार?

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. पाहुणे लढाई थांबवायला गेलेच नव्हते, तेवढा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. ३१ जणांचं जेवढं एकमत झालं होतं तेवढंच ते घेऊन जाऊ शकत होते, आणि तारखेवर एकमत नव्हतं. मग जाऊन उपयोग काय? थोडा आहे. बुचाचा खड्डा ज्यानं डोळ्यांनी पाहिला, तो ब्रुसेल्सच्या बैठकीत वेगळं बोलतो. तालुक्याच्या कचेरीत बसून दुष्काळ पाहणारा साहेब आणि टँकरच्या रांगेत येऊन उभा राहिलेला साहेब, यांत फरक पडतोच, हे आपण पाहिलंय. आणि बाँब पडत असलेल्या शहरात कुणी आलं, एवढ्यानंही तिथल्या माणसांना धीर येतो. पण धिरावर गोळा-बारूद मिळत नाही.

जुलैत व्हिल्निअसची बैठक झाली. सभासद तयार झाले आणि अटी पूर्ण झाल्या की आमंत्रण देऊ, असं कागदावर आलं. तारीख नाहीच. झेलेन्स्की बैठकीला निघतानाच उघड बोलले होते की वेळ न ठरवणं हे विचित्र आहे. पाहुणचाराला आल्यावर यजमानावर रागावला म्हणून काही देशांना ते आवडलं नाही. आम्हाला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्टोल्टेनबर्ग पुन्हा कीव्हला गेले. आणि त्यानंतरची २९ एप्रिल २०२४ ची भेट आम्हाला त्यांच्या सगळ्या भेटींत मोलाची वाटते. त्या वेळी सांगायला चांगलं काहीच नव्हतं. अमेरिकेच्या संसदेत मदतीचं बिल सहा महिने अडकून पडलं होतं. युरोपनं कबूल केलेले तोफगोळे वेळेवर दिले नव्हते. रशियाकडून कितीतरी गोळे यायचे तेव्हा इकडून मोजून एखादा जायचा. फेब्रुवारीत आव्दिव्का हे शहर हातचं गेलं. आठवड्यापूर्वी कुठं ते बिल मंजूर झालेलं, सुमारे ६१ अब्ज डॉलरचं. अशा वेळी झेलेन्स्कींच्या शेजारी उभं राहून या माणसानं सरळ सांगितलं की आमच्या सभासदांनी जे कबूल केलं ते दिलं नाही, आणि त्या उशिराचे परिणाम रणांगणावर झाले. अजून वेळ गेलेली नाही, असंही म्हणाले. पण उशीर कुणामुळं झाला ते त्यांनी झाकलं नाही. मोठ्या पदावरचा माणूस ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन असं बोलतो, हे किती वेळा ऐकलंय आपण?

त्याच वर्षी जुलैत वॉशिंग्टनच्या बैठकीत युक्रेनची नाटोकडची वाट आता मागं फिरणारी नाही, असा शब्द कागदावर आला. ऑक्टोबरच्या १ तारखेला मार्क रुट नावाचे नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान नवे सरचिटणीस झाले आणि ३ तारखेला ते कीव्हला हजर. पद घेतल्यावर पहिला प्रवास तिकडंच. दोन आठवड्यांत झेलेन्स्कींनी आपल्या संसदेपुढं युद्ध जिंकायचा आराखडा मांडला, त्यात पहिलंच कलम होतं, नाटोचं आमंत्रण आत्ता द्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारच्या संरक्षणमंत्र्यांनी ब्रुसेल्सला येऊन सांगितलं की युक्रेनला सभासद करून घेणं व्यवहारात बसत नाही. त्यानंतर एप्रिलमध्ये रुट पुन्हा युक्रेनला गेले, या वेळी समुद्रकाठच्या ओडेसा शहरात. झेलेन्स्कींबरोबर दवाखान्यात जाऊन जखमी सैनिकांना भेटले.

मैत्रिणींनो, वेळ संपत आली. पुढच्या वेळी आपण वळिवड्याच्या छावणीवरच बोलणार आहोत. कोल्हापूर, करवीर, हातकणंगले या बाजूच्या गटांना विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत कुणी ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबा असतील, ज्यांनी लहानपणी ते पोलंडचे लोक पाहिले असतील, बाजारात त्यांना भाजी विकली असेल, त्यांच्या मुलांबरोबर खेळले असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि आठवतं ते मोबाईलवर बोलून घ्या. गटाच्या सीआरपी ताईंकडं द्या, त्या आमच्यापर्यंत पोचवतील.